ताई, त्या पांढऱ्या गोळीचं नाव काय?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी कोल्हापुरात चपातीच्या ऑर्डरी घेते. वय 54. रोज दीडशे-दोनशे चपात्या होतात. दोन वर्षांपासून गुडघे दुखतात, आता उजव्या अंगठ्याचं मूळही धरतं. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला एक गोळी देतो. पट्टीवर एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामोल लिहिलंय. सकाळी चहाबरोबर घेतली की दिवस निघतो. फारच दुखलं तर आठवड्यातून दोन-तीनदा एक बारकी पांढरी गोळी कापून कागदात बांधून देतो. असे सहा महिने झाले. मध्येच पोटात जळजळ सुरू झाली म्हणून गॅसची गोळी चालू केली. बीपीला पाच वर्षं टेल्मिसार्टन आहे. गेल्या महिन्यात बीपी 156/94 निघालं, म्हणून डॉक्टरांनी त्यातच लघवीवाटे पाणी काढणारं औषध असलेली गोळी दिली. संध्याकाळी पाय सुजतात. हे म्हणतात, गोळ्यांनी किडनी जाते, बंद कर. सासूबाई म्हणतात, आम्ही सोसलंच की. पण गोळी बंद केली तर ऑर्डरी बंद. मुलीला पाळीत आणि यांचं डोकं दुखलं की मी तीच गोळी देते. काय करू?

ताई,

सासूबाईंचा मान ठेवून पहिल्यांदा हेच सांगते, की सोसायचं नाही. आपल्या बायकांनी सोसण्याचा फार मोठा साठा करून ठेवलाय आणि त्यात नवीन भर घालायची काही गरज नाही. दुखणारा गुडघा आपण वापरत नाही, न वापरलेल्या गुडघ्याभोवतीचे स्नायू सुकतात आणि सुकलेल्या स्नायूंचा गुडघा आणखी दुखतो. तेव्हा दुखणं कमी करणं हा उपचारच आहे. फक्त ते कशानं कमी करायचं, हे आपल्याला बदलायचं आहे. तेही याच आठवड्यात.

तुमच्या पत्रात चार गोळ्या आहेत. त्या कोणत्या क्रमानं आल्या ते बघा. आधी दुखण्याची गोळी आली. तिनं पोट जाळलं म्हणून गॅसची आली. दुखण्याच्या याच गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यानं बीपी चढतं आणि पाय सुजतात. बीपी चढलं म्हणून बीपीची गोळी वाढली. ती वाढवणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही पहिल्या गोळीबद्दल सांगितलं होतं का? पत्रात तसा उल्लेख नाही आणि बहुतेकजण सांगत नाहीत. मेडिकलमधून आणलेली गोळी आपण ‘औषध’ म्हणून मोजतच नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी विचारते, ‘काय औषधं चालू आहेत?’ तर म्हणतात, ‘बीपीचीच फक्त.’ मग विचारते, ‘आणि दुखण्यासाठी?’ तेव्हा पिशवीतून पट्टी निघते.

तुमच्या यजमानांची भीती खोटी नाही, पण ती जरा नेमकी करून घेऊ. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही एकाच घरातली औषधं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांच्यामुळे सूज येते आणि ठणका लागतो. ही औषधं ती द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. अ‍ॅस्पिरिनवर काम करताना हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं आणि त्यासाठी 1982 साली त्यांना नोबेल मिळालं. अडचण अशी, की हीच द्रव्यं जठराच्या आतलं अस्तर सांभाळतात आणि किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवतात. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी हे दोन्ही पहारे उठवते.

तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणून उसाच्या शेताचं उदाहरण देते. किडनीच्या गाळणीला पाटाच्या पाण्यासारखा दाब लागतो. दुखण्याच्या गोळीनं पाणी आत येण्याचं तोंड आवळलं जातं. टेल्मिसार्टन बाहेर जाण्याचं तोंड सैल करतं. एरवी ते किडनीच्या भल्याचंच असतं. त्यात पाणी काढणाऱ्या गोळीनं मुळातलं पाणीच कमी केलं. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब पडतो आणि किडनी अचानक मंदावू शकते. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत किंवा उपासाच्या दिवशी हा धोका आणखी वाढतो. गेल्या महिन्यापासून तुमच्या पोटात ही तिन्ही रोज एकत्र जात आहेत. म्हणून मी तुम्हाला ‘बघू पुढे’ असं म्हणणार नाही.

गिधाडांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गुरांना डायक्लोफेनॅक देत, मेलेलं गुरू गिधाडं खात आणि किडनी निकामी होऊन मरत. आपल्या देशातली गिधाडं अशी झपाट्यानं संपत गेली, तेव्हा 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. 2023 मध्ये तुमच्या पट्टीवरचं एसिक्लोफेनॅकसुद्धा जनावरांसाठी बंद झालं, कारण गुराच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नसते, तेव्हा घाबरून जाऊ नका. निरोगी माणसानं पोटभर जेवून चार दिवस अशी गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. तुमचे मात्र सहा महिने झालेत, तेही जवळपास उपाशीपोटी आणि बीपीच्या औषधांबरोबर.

आता त्या पांढऱ्या गोळीकडे येते. पत्र वाचताना मी खरी थांबले ती तिथे. कापून, कागदात बांधून दिलेल्या गोळीला नाव नसतं, तारीख नसते. ती काय आहे हे मला इथून सांगता येणार नाही. पण गुडघेदुखीला जादूसारखा उतार देणाऱ्या बारक्या गोळ्या म्हणून गावोगाव स्टेरॉइड दिली जातात, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही ती सापडतात. स्टेरॉइड हे मोठं औषध आहे, योग्य आजारात जीव वाचवतं. पण असं गुपचूप घेतलं की साखर चढते, बीपी चढतं, चेहरा सुजतो, हाडं विरळ होतात आणि दुखण्याच्या गोळीबरोबर घेतलं तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. बरेच महिने नेमानं घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणंही धोक्याचं असतं. म्हणून उद्याच दुकानात जा आणि त्या गोळीची पूर्ण पट्टी मागा. बिल मागा. दोन्हीचे फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. ती सोडायची कशी ते डॉक्टरच ठरवतील. दुकानदार नाव सांगायला कुरकुरला तर तेही डॉक्टरांना सांगा.

तुमच्याकडच्या पट्टीवर एक लाल उभी रेघ दिसेल. ती खूण आहे, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. काउंटरवर सहज मिळालं म्हणून ते साधं ठरत नाही.

मला हे इतक्या पोटतिडकीनं का सांगावंसं वाटतं, तेही सांगते. माझी आई गुडघ्यांसाठी अशीच एक गोळी रोज घ्यायची. तिचं पोट कधी दुखलं नाही, जळजळ नाही, काही नाही. एका सकाळी चक्कर येऊन मोरीत पडली. नेलं तेव्हा हिमोग्लोबिन सहा. चार दिवसांपासून तिला डांबरासारखं काळं शौच होत होतं. खाण्यात काही आलं असेल, असं समजून ती गप्प राहिली. मी डॉक्टर, एकाच घरात राहणारी, आणि ती काय आणून खाते हे मी कधी विचारलं नव्हतं. आई वाचली. या गोळ्यांमुळे झालेली जठरातली जखम अनेकदा आधी काही सांगत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी. तुमचं शौच काळं, चिकट होतं का? होत असेल, किंवा थोड्याशा कामानं धाप लागत असेल, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आजच दवाखान्यात जा.

तसं काही नसेल तर मी सांगते त्या क्रमानं करा.

एसिक्लोफेनॅकची गोळी उद्यापासून बंद. ती एकदम बंद करता येते. बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, गॅसचीही सध्या चालू राहू द्या. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा, चारही गोळ्या टेबलावर ठेवा आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं), सोडियम-पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि साखर, शिवाय लघवीची तपासणी सांगायला लावा. खर्चाचा प्रश्न असेल तर तुमच्या कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा. पुढचे दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी बीपी मोजून घ्या, कारण दुखण्याची गोळी थांबली की बीपी आपोआप खाली येऊ शकतं आणि मग वाढवलेली गोळी जास्त होईल. उठताना डोळ्यापुढे अंधारी आली तर लगेच कळवा.

दुखण्यासाठी नुसतं पॅरासिटामोल घ्या, कोणत्याही जोडीशिवाय. 500 ची एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत किमान सहा तासांचं अंतर, आणि 24 तासांत एकूण सहा गोळ्यांच्या, म्हणजे तीन ग्रॅमच्या वर नाही. 650 ची घेत असाल तर दिवसाला चारच्या आत. वजन 50 किलोपेक्षा कमी असेल किंवा कधी कावीळ-लिव्हरचं दुखणं झालं असेल तर मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामोल असतंच, तेव्हा सर्दी झाली की दोन्ही मिळून मोजा. जास्त झालेलं पॅरासिटामोल लिव्हर खराब करतं, आणि पहिल्या दिवशी त्याची लक्षणं फारशी दिसतही नाहीत. ऑर्डरीचं काम सुरू करायच्या तासभर आधी न्याहारी करून घेतलं तर नेमक्या वेळी उपयोगी पडेल. गुडघ्याच्या झिजेवर त्याचा उतार माफकच असतो, आणि आधीच्या गोळीची सवय झालेल्याला तो कमी वाटेल. पहिले आठ-दहा दिवस जड जातील. त्या दिवसांत ऑर्डरी निम्म्यावर आणता आल्या तर आणा.

क्रिएटिनिन ठीक आलं की डॉक्टरांना विचारून डायक्लोफेनॅकचं मलम सुरू करा. औषध तेच असलं तरी कातडीतून रक्तात फार थोडं जातं, आणि गुडघा-हाताच्या झिजेवर ते खरोखर चांगलं काम करतं. आपल्याकडे ते हळदीकुंकवाच्या बोटाएवढं लावतात आणि मग म्हणतात, गुण नाही. तर्जनीच्या पहिल्या पेरावर पिळलेली रेघ अर्धा ग्रॅम भरते. एका गुडघ्याला दोन ते चार ग्रॅम लागतं, दिवसातून तीन-चार वेळा, निदान दोन आठवडे. म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब आठवडाही पुरणार नाही, तयारी ठेवा. मलम लावल्यावर त्यावरून शेक द्यायचा नाही, पट्टा करकचून बांधायचा नाही. अंगठ्याला मात्र ते रात्री, सगळं काम आटोपल्यावरच लावा. सकाळी साबणानं हात स्वच्छ धुऊन मगच कणकेत हात घाला.

मलम लावलेलं नसताना शेक हवाच. सकाळी सांधे आखडलेले असतात तेव्हा गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या जाड मिठाची पुरचुंडी, पंधरा-वीस मिनिटं. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना ते पाहा. साखरेचा आजार निघाला आणि तळपाय बधिर असतील तर पायांना शेक नको. जळलेलं कळत नाही. मुरगळलं, नव्यानं सुजलं तर पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ. बाम लावून बरं वाटत असेल तर लावा, त्यात काही वाईट नाही. गुडघ्याचं ‘वंगण वाढवणाऱ्या’ महागड्या पावडरींवर मात्र पैसे घालवू नका. त्यांच्या उपयोगाचा भरवशाचा पुरावा नाही.

मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम हे गुडघ्याचं सगळ्यात चांगलं औषध आहे. माझं ऐकायचंच असेल तर निदान ही एक गोष्ट ऐका. खुर्चीवर टेकून बसा, एक पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट होऊ द्या, पाच ते दहा अंक मोजा, हळू खाली. दहा वेळा हा पाय, दहा वेळा तो. मग पलंगावर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती दाबा, तसंच मोजत. सकाळ-संध्याकाळ. करताना थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं टिकलं तर मोजणी कमी करा, व्यायाम थांबवू नका. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि बहुतेकजण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. तुम्ही सोडू नका. पॅरासिटामोलनं जो थोडा उतार मिळतो तो या व्यायामासाठी खर्च करायचा.

चपात्या तुम्ही खाली बसून लाटता की ओट्यापाशी उभं राहून, ते लिहिलेलं नाही. खाली बसत असाल तर पाटाचं टेबल करा. मांडी घालून दोनशे चपात्या म्हणजे गुडघ्याचे हालच. उभ्या असाल तर उंच स्टूल घ्या, टेकून काम करा, आणि दर चाळीस चपात्यांनी उठून घरातल्या घरात दोन मिनिटं चाला. कणीक एकदम मळू नका, दोन-तीन घाण्यांत मळा, आणि अंगठ्याऐवजी तळव्याच्या टाचेनं रेटा. अंगठ्याला आधार देणारा पट्टा मिळतो, तो लाटताना घाला. जिना आणि बाजार यांसाठी काठी वापरायला लाजू नका. ज्या गुडघ्याला जास्त दुखतं त्याच्या उलट हातात धरायची. वजन जास्त असेल तर एवढं लक्षात ठेवा, की एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. दहा किलोंचं ध्येय नको, तीन-चार किलोंनीही फरक कळेल.

घरातल्यांचं थोडक्यात. तुमची पट्टी कुणालाही द्यायची नाही. मुलीला पाळीच्या दुखण्यावर, ती निरोगी असेल आणि पोटाचा, दम्याचा किंवा किडनीचा त्रास नसेल, तर आयब्युप्रोफेन 400 ची एक गोळी जेवणानंतर चांगलं काम करते. दुखायला लागताक्षणी घ्यावी, आठ तासांनी पुन्हा, दिवसाला तीनच्या आत, दोन-तीन दिवस. ओटीपोटावर गरम पिशवीही तितकीच गुणकारी असते. दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडण्याइतकं दुखत असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, त्याला ‘पाळीचंच आहे’ म्हणून सोडू नका. यजमानांचं डोकं महिन्यातून किती दिवस दुखतं ते कॅलेंडरवर लिहा. तुमच्यासारखी जोडगोळी, म्हणजे दोन औषधं एकत्र असलेली गोळी, महिन्यातून दहापेक्षा जास्त दिवस, असं तीन महिने घेतलं, की गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. ते दारू घेत असतील तर पॅरासिटामोलही जपून. आणि पावसाळ्यात घरात कुणालाही ताप आला, अंग मोडून आलं, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामोलशिवाय दुसरी कोणतीही दुखण्याची गोळी द्यायची नाही. बाकीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

शेवटी, कधी वाट बघत थांबायचं नाही ते. गुडघा लालभडक, गरम झाला आणि ताप आला. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली. पडल्यावर पायावर भारच देता येईना. लघवी एकदम कमी झाली. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला. यातल्या कशालाही घरगुती उपाय नको, पॅरासिटामोल नको, त्याच दिवशी डॉक्टर. इंजेक्शन घेऊन ‘चार दिवस बघू’ असंही करू नका. इंजेक्शन पोटाला त्रास देत नाही हा समज चुकीचा आहे, औषध रक्तातूनच जठरावर परिणाम करतं.

मला पुन्हा लिहा. क्रिएटिनिनचा आकडा, दोन आठवड्यांची बीपीची टिपणं, आणि त्या पांढऱ्या गोळीचं नाव. नाव पट्टीवर दिसतं तसंच्या तसं उतरवून काढा.

तुमची,
डॉक्टरताई